नऊ एकांचा वर्ग



नऊ एक ओळीने मांडून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा येतो. एकं, दहं, शतं अशी स्थाने मोजत गेल्यास या सतरा अंकी संख्येचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी पडतो. ‘लीलावती’त सांगितलेला परार्ध तेथून एकच घर पुढे. अंक नऊपर्यंत चढतात आणि त्याच पायऱ्यांनी उतरतात.

हा चमत्कार नव्हे. उभ्या गुणाकारात एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकतात. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ एक जमतात; पुढे ते एकेकाने घटतात. कोठेही हातचा येत नाही, म्हणून जिना अभंग राहतो. दहा एक घेताच मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे निघते. नऊ उदाहरणे जुळली म्हणून दहावे जुळेलच, असे गणित मानीत नाही. ते कारण मागते.

या संख्येचा आणखी एक गुण आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने निःशेष भाग जातो. नऊ एकांच्या संख्येला नवाने भाग जातो. साहजिकच तिच्या वर्गाला नवाच्या वर्गाने जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाणारी संख्या ती ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी.

हे नाव देणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणू येथे जन्मले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. वरील जिन्यासारख्या संख्यांचा विचार त्यांना डोंबिवली स्थानकावर सुचला, म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो’ संख्या म्हटले. अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.

मान्यता उशिरा आली. संख्यांचा छंद मात्र तिच्यासाठी थांबला नव्हता. परीक्षेला न येणारा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘याचा उपयोग काय?’ असे म्हणून गप्प बसविणे घरात सोपे असते आणि शाळेतही. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा साठ वर्षे चालते, ती केवळ गुणपत्रिकांसाठी नव्हे. ‘हातचा’ हा शब्द घरात ऐकलेल्या मुलाला तो का आणि कोठे येतो, हे स्वतःच्या भाषेत विचारता यावे, यासाठीही ती चालते.

पालकांनी आज घरी दहा एकांचा गुणाकार मुलांकडून कागदावर मांडून घ्यावा. जिना कोणत्या पायरीवर मोडतो, ते मात्र त्यांना सांगू नये. त्यांचे त्यांना सापडू द्यावे.