वलगणीचे मासे

मृगाच्या पहिल्या पावसात शहापूर-मुरबाडच्या ओढ्यांतून मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. हीच वलगण. भातखाचरांच्या उथळ पाण्यात मादी येते ती अंडी घालण्यासाठी. कातकरी, ठाकूर बांधव हे मासे पोटासाठी धरतात. त्यांना उपदेश करण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या कुणालाही नाही. प्रश्न आहे तो सुट्टीच्या दिवशी मौजेखातर गळ टाकणाऱ्या शहरी कुटुंबांचा. तडफडणारा मासा पाहून मूल दचकते. वडील हसले की तेही हसायला शिकते. शेजारच्या वाडा तालुक्यात तिळसेश्वराच्या मंदिरापाशी वैतरणेच्या डोहातील मासे देवाचे मानतात. तेथे गळ कुणी टाकीत नाही. मुले खाऊ टाकतात आणि मासे निर्धास्तपणे काठाशी येतात.