तांबड्या कागदाचं आवतण

लग्नसराई आली की गावोगाव पत्रिका फिरू लागतात. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली पत्रिका हातात पडली, की वाचण्याआधीच कळतं, कुणाकडे तरी शुभकार्य निघालं आहे. आज मी अशाच पत्रिकेची हकिगत सांगणार आहे. पण ती आपल्याकडची नव्हे, चिनी लोकांची.

चिनी घरात लग्न ठरलं की पहिलं काम मुहूर्ताचं. त्यांचंही पंचांग असतं. हाँगकाँगकडे त्याला 'तुंग शिंग' म्हणतात. कोणता दिवस लग्नाला चांगला आणि कोणता वर्ज्य, ते त्यात पाहायचं. दिवस धरला की मग छापखान्याची वाट. पत्रिकेवर तारखा दोन असतात. एक आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची, दुसरी त्यांच्या चांद्र महिन्याची. आपणही तारखेशेजारी तिथी छापतोच की!

आता कागद निवडायचा. इथं वडीलधाऱ्यांचा शब्द एकच: तांबडा! चिनी भाषेत लग्न म्हणजे 'तांबडं कार्य' आणि मयत म्हणजे 'पांढरं कार्य', असे शब्दच रूढ आहेत. म्हणून पांढऱ्या कागदावर काळ्या शाईची पत्रिका कितीही देखणी असली, तरी आजीबाईंच्या काळजात धस्स होतं. तांबडा कागद आणि त्यावर सोनेरी अक्षरं, ही जुनी चाल. हल्लीच्या मुलामुलींना कधी गुलाबी आवडतो, कधी फिका पिवळसर. मग घरात थोडी वादावादी होते, आणि पत्रिका आवडीची, पण लखोटा तांबडा, अशी तडजोडही निघते.

कागदावर नक्षी कसली? नाग-गरुडासारखे दिसणारे ड्रॅगन आणि फिनिक्स हे दोन कल्पित प्राणी वधूवरांची खूण म्हणून काढतात. पण सगळ्यांत मानाचं चिन्ह म्हणजे 'जोड आनंद'. चिनी भाषेत आनंदाचं एक अक्षर आहे, बारा फटकाऱ्यांचं. त्याच्या वरच्या भागात ढोल आहे आणि खाली तोंड. वाजवावं आणि गावं, तोच आनंद! हे अक्षर शेजारी शेजारी दोनदा जोडून लिहिलं की 'जोड आनंद' झाला; दोन घरांचा आनंद एकत्र आला. शिक्षकांनी हे वर्गात जरूर करून पाहावं. तांबडा कागद उभा दोनदा दुमडायचा, अर्धं अक्षर कात्रीनं कापायचं आणि उलगडायचं. पूर्ण जोडाक्षर समोर येतं. चिनी घरांत दारांवर, खिडक्यांवर ते असंच कापून चिकटवतात.

मजकूर जुन्या पद्धतीनं उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे चालतो. आमंत्रण देणारे आईबाप, वधूवर नव्हेत. मुलगा थोरला की धाकटा, मुलगी पहिली की दुसरी, हेही छापतात. आपल्या 'ज्येष्ठ चिरंजीव' आणि 'द्वितीय कन्या' यांचीच ती भावंडं. मात्र नावं तपासताना डोळ्यांत तेल घालावं लागतं. 'मोठा' या अर्थाच्या अक्षराला खांद्यावर एक ठिपका दिला की त्याचा 'कुत्रा' होतो, आणि डोक्यावर एक आडवी रेघ दिली की 'आकाश' होतं! एका ठिपक्यानं घराची शोभा व्हायची. म्हणून प्रूफ आलं की घरातला जाणता माणूस चष्मा पुसून बसतो.

छापणाऱ्याचे कष्टही तसेच. शिशाच्या खिळ्यांचे दिवस होते तेव्हा आपल्या जुळाऱ्याला काही शे खिळ्यांत भागवता येई. चिनी जुळाऱ्यापुढे हजारो निरनिराळी अक्षरं. भिंतभर घोडे, त्यांत बारीक कप्पे, आणि एकेक खिळा शोधून काढायचा. सोनेरी अक्षरांना शाई नसते. धातूचा ठसा तापवायचा, कागदावर सोनेरी वर्ख ठेवायचा आणि दाबायचं. ठसा टेकला तेवढाच वर्ख कागदाला धरतो.

हाँगकाँगच्या पत्रिकेवर तळाशी एक छोटी ओळ असते. तिचा अर्थ असा: 'बोलावण्यासाठी माणूस धाडत नाही, क्षमा असावी.' पूर्वी पत्रिका दिल्यावरही ऐन वेळी नोकर धाडून पाहुण्यांना बोलावून आणायची रीत होती. नोकर गेले, पण दिलगिरी राहिली. आपल्याकडेही मूळ धाडल्याशिवाय माहेरवाशीण यायची नाही. आणि आता आपण छापतो, 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.' दोन मुलखांतले लोक एकमेकांना न विचारता एकाच ठिकाणी येऊन पोचले, नाही का?

त्याच पत्रिकेवर वेळा दोन असतात. सहाला स्वागत, आठला पंगत. मधल्या वेळात मंडळी माजाँग खेळत बसतात. आणि पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. तांबड्या पाकिटात पैसे घालून नेतो. म्हणून थट्टेनं पत्रिकेला 'तांबडा बाँब' म्हणतात. टपालातून आला की खिशात फुटतो!

आता जरा मनाला लागणारी गोष्ट. हाँगकाँगच्या वान चाय भागात ली तुंग स्ट्रीट नावाची गल्ली होती. लहान लहान छापखाने तिथं दाटीनं उभे राहिले, आणि 1970 ते 1990 या काळात तर त्यांची भरभराट होती. लग्न ठरलं की जोडप्यानं या गल्लीत यायचं आणि दुकानादुकानांतले नमुने पाहत हिंडायचं. लोक तिला लग्नपत्रिकांची गल्लीच म्हणत. 2003 साली जुनी घरं पाडून नवी वस्ती उभारण्याची योजना जाहीर झाली. रहिवाशांनी नुसती ओरड केली नाही. त्यांनी स्वतःचा आराखडा मांडला. मधली जुनी घरं राखा, उंच इमारती दोन्ही टोकांना बांधा, असं त्यांचं म्हणणं. ते मान्य झालं नाही. 2007 च्या डिसेंबरात गल्ली पाडली गेली. 2015 मध्ये तिथं नवा, चकचकीत रस्ता खुला झाला. पण शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या आधारानं चाललेला धंदा एकदा पांगला, की नव्या दगडी फरशीवर तो आपोआप उगवत नाही.

काळ थांबत नाही, हेही खरं. चीनमध्ये 1950 च्या विवाह कायद्यानं मुलामुलींच्या संमतीला मान दिला, आणि आता वधूवरांच्याच नावानं निघालेल्या पत्रिका पुष्कळ दिसतात. फोनवरूनही आमंत्रणं जातात. त्यात वाईट काही नाही. पण आजीनं पेटीत जपून ठेवलेला तांबडा कागद फोनमध्ये कसा सापडायचा?

शिक्षकांना म्हणून एक सुचवतो. मुलांना घरातल्या जुन्या पत्रिका आणायला सांगा. आजोबा-पणजोबांची नावं, गावं, कोपऱ्यात छापखान्याचं नाव, सगळं त्यांत आहे. घराण्याचा इतिहास शिकवायला याहून सोपं पुस्तक नाही.

बरं मंडळी, येतो. सांगण्यात काही राहिलं असेल तर क्षमा असावी. रामराम.