शिवेपलीकडचें पाणी
(दुष्काळ निवारण समितीच्या अकोट येथील सभेंत एका वकील सभासदानें केलेलें भाषण)



समितीचा जमाखर्च आपण आतांच ऐकला. मला त्यामागील प्रश्नाविषयीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. वऱ्हाडांत १८९६-९७ सालीं दुष्काळ पडला, १८९९-१९०० सालीं त्याहून कठोर पडला. तो कोणत्याही तालुक्याची शीव ओळखून आला नाहीं. मग त्याच्या निवारणाचा विचार शिवेपाशीं कां थांबावा ?

पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथें विहिरीस पाणी लागतें, पण तें तोंडास लावतां येत नाहीं. म्हणून या गांवांची तहान बहुतांशीं सातपुड्याच्या पाण्यावर अवलंबून आहे.

वान नदीचेंच उदाहरण घ्या. ती मेळघाटांतून येते. तेल्हारा तालुक्यांत वारी येथें तिच्यावर धरण आहे. त्याचें पाणी आपल्याकडील ८४ खेड्यांच्या योजनेस मिळतें, तसेंच बुलढाणा जिल्ह्यांतील गांवांसही जातें. गेल्या कांहीं वर्षांत तें अकोला शहरास नेण्याचा विचार निघतांच तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांनीं विरोध केला. शहराची तहान खरी आणि शेतकऱ्याची भीतीही खरी. अशा वेळीं उभयतांनीं बसून बोलण्याची जागा आधींच ठरलेली असावी.

१९९३ सालीं अमलांत आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली. पंचायती व नगरपालिका यांच्या योजना एकत्र करणें आणि त्यांच्यांतील पाण्याच्या वाटणीचा विचार करणें हें तिचें कर्तव्य होय. तिचे निदान चार-पंचमांश सभासद याच संस्थांच्या निर्वाचित सभासदांतून निवडावे लागतात. परंतु तिचा अधिकार एका जिल्ह्यापुरता. नदी तेवढ्यावर थांबत नाहीं. ही उणीव आपणांस शेजारधर्मानें भरून काढितां येईल.

माझी विनंती अशी कीं, अकोट, तेल्हारा, अंजनगांव व दर्यापूर येथील नगरपालिका व पंचायत समित्या यांच्या प्रतिनिधींनीं दरवर्षीं पावसाळा सरतांच एकत्र बसावें. धरणांत पाणी किती, टंचाई प्रथम कोणत्या गांवीं पडेल, टँकर कोठून भरावे, गुरांचा चारा कोठें सांठवावा, हें ठरवून लेखी करावें व दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांस कळवावें.

द्रव्य, धान्य, कडबा, ज्यास जें शक्य असेल तें त्यानें समितीस अवश्य द्यावें. पण वर्गणी देतांना आपल्या सरपंचास व नगरसेवकास एवढें विचारावें कीं, शेजारच्या गांवाशीं आपलें बोलणें झालें आहे काय ? टँकरची वाट पाहत घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईस जिल्ह्याची हद्द सांगून चालणार नाहीं.