जेत्यांची तलवार आणि जितांची लेखणी

(शहरातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मेक्सिकोतील आझ्टेक आणि पेरूतील इंका ही दोन बलाढ्य राज्ये सोळाव्या शतकात स्पेनने जिंकली, हे आपण सर्वांनी शाळेत वाचलेले आहे. त्या वाचनातून एक समज मनात घट्ट बसतो. मूठभर गोऱ्या शिपायांनी घोड्यांच्या आणि बंदुकांच्या बळावर लाखो लोकांना लोळविले आणि ते लोक इतिहासातून नाहीसे झाले, असा तो समज होय. त्यातील दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. मूठभरांनी ती राज्ये जिंकली नाहीत आणि ते लोक नाहीसेही झाले नाहीत. हे कसे, ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रारंभ एका कागदापासून करू. १५१३ साली पालासिओस रूबिओस नावाच्या स्पॅनिश कायदेपंडिताने एक जाहीरनामा रचला. नव्या मुलखात पाऊल ठेवताच तेथील लोकांना तो वाचून दाखवावा आणि मगच शस्त्र उपसावे, असा दंडक होता. पोपने ही भूमी आमच्या राजाला दिली आहे, तिचे स्वामित्व मान्य करा, न कराल तर तुमच्यावर युद्ध लादू, तुमच्या बायकामुलांना गुलाम करू, आणि त्याचा दोष तुमच्याच माथी राहील, असा त्याचा आशय. तो वाचला जाई परक्या भाषेत. ऐकणाऱ्याला त्यातले अक्षरही कळत नसे. कित्येकदा तर माणसे रानात पळून गेलेली असत आणि ओसाड झोपड्यांपुढे वाचनाचा विधी उरकला जाई. खुद्द स्पेनच्याच लास कासास या धर्मगुरूने हा प्रकार पाहून हसावे की रडावे हे कळत नाही, असे म्हटले. तलवारीलाही कायद्याचा अंगरखा लागतो, आणि तो अंगरखा नेहमी तलवारवाल्याच्या भाषेत शिवलेला असतो!

आता मेक्सिकोकडे वळू. १५१९ साली एर्नान कोर्तेस सुमारे ५०० शिपाई आणि १६ घोडे घेऊन किनाऱ्यावर उतरला. आझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान ही सरोवरात वसलेली विशाल नगरी. एवढ्याशा सैन्याने ती कशी पडली? पहिले कारण दुभाष्यांचे. मालिंत्सिन नावाची एक दासी कोर्तेसला भेटीदाखल मिळाली होती. तिला नाहुआत्ल आणि माया या दोन्ही भाषा येत. आगिलार हा पूर्वी जहाज फुटून माया मुलखात अडकलेला स्पॅनिश इसम मायातून स्पॅनिशमध्ये सांगे. या दोघांच्या साखळीमुळे कोर्तेसला शत्रूच्या घरातील भांडणे कळली. आझ्टेकांना त्याच्या घरातले काहीच कळले नाही.

दुसरे कारण त्या भांडणांचेच. त्लाश्काला हे शेजारचे स्वतंत्र राज्य आझ्टेकांनी चहूबाजूंनी कोंडले होते. तेथील लोकांना मीठ आणि कापूसही मिळू देत नसत. त्लाश्कालांनी आधी स्पॅनिशांशी लढाई केली आणि मग त्यांच्याशी सख्य केले. १५२० च्या जूनअखेर कोर्तेसला राजधानीतून रक्तबंबाळ होऊन पळावे लागले, तेव्हा त्याला आसरा दिला तो त्लाश्कालांनीच. त्याच वर्षी देवीची साथ आली आणि नवा राजा कुइत्लावाक तिला बळी पडला. अखेर १३ ऑगस्ट १५२१ रोजी शहर पडले, तेव्हा वेढ्यात स्पॅनिश शेकड्यांनी मोजावे लागत होते आणि त्यांचे स्थानिक मित्र हजारोंनी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे आपण म्हणतो. परंतु त्लाश्कालांना घरभेदी म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबले पाहिजे. ज्या गोताने त्यांना मिठालाही महाग केले, ते गोत त्यांनी आपले का मानावे? शेजाऱ्याला जाचणारे साम्राज्य आपल्या शत्रूला मित्र स्वतःच पुरवीत असते.

पेरूतही हेच घडले. वाय्ना कापाक मरण पावल्यावर वास्कार आणि आतावाल्पा या भावांत यादवी माजली. ती संपते न संपते तोच पिसारो १६८ माणसांनिशी काहामार्का येथे आला. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी बाल्वेर्दे या पाद्र्याने आतावाल्पाच्या हाती धर्मग्रंथ दिला. अनोळखी अक्षरांची ती वस्तू त्याने भिरकावून दिली, आणि तेवढे निमित्त करून दबा धरलेले शिपाई तुटून पडले. राजा कैद झाला. त्याने सुटकेसाठी खोली भरून सोने दिले, तरी १५३३ मध्ये त्याला ठार मारण्यात आले. इंकांच्या जुलमाने विटलेल्या कान्यारी आणि वांका या जमाती स्पॅनिशांना मिळाल्या. तरीही झुंज संपली नव्हती. मांको इंकाने १५३६ मध्ये कुस्कोला वेढा घातला आणि विल्काबांबाच्या डोंगरातील शेवटचे इंका ठाणे पडायला १५७२ साल उजाडले.

येथवरची कथा तलवारीची झाली. आता लेखणीची ऐका. जितांनी जेत्यांची लिपी उचलली आणि तिच्यात आपली भाषा लिहिली. त्लाश्कालाच्या नगरसभेचे १५४७ पासूनचे इतिवृत्त नाहुआत्लमध्ये लिहिलेले आहे. वेशोत्सिंकोच्या नगरसभेने १५६० साली राजा दुसरा फिलिप याला नाहुआत्लमध्येच अर्ज पाठविला. आम्ही तुमच्याशी लढलो नाही, तुमच्या युद्धात साथ दिली, आणि आता करांच्या ओझ्याखाली आमचाच चुराडा होत आहे, ही त्याची कैफियत. उपयुक्तता संपलेल्या मित्राची हीच गत होते! बेर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्याने नाहुआ विद्वानांच्या साहाय्याने १२ भागांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याचा शेवटचा भाग म्हणजे जितांच्या तोंडून ऐकलेली पराभवाची हकीकत. राजाज्ञेने असे लेखन जप्त करण्याचा हुकूम १५७७ मध्ये सुटला, तरी ग्रंथ टिकला आणि आज फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे.

पेरूत वामान पोमा नावाच्या वृद्ध गृहस्थाने १६१५ च्या सुमारास सुमारे १,२०० पृष्ठांचे सचित्र निवेदन राजा तिसरा फिलिप याला उद्देशून लिहिले. स्पॅनिशमध्ये लिहिताना ठायीठायी त्याची केचुआ डोकावते. राजाने ते वाचल्याचा पुरावा नाही. १९०८ साली कोपनहेगनच्या ग्रंथालयात ते हस्तलिखित एका जर्मन विद्वानाच्या दृष्टीस पडले, आणि तीन शतके मुक्या राहिलेल्या अर्जाला वाचा फुटली.

या राजाचे नाव आपल्यालाही अगदी परके नाही. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे होते आणि गोवाही त्याच्याच छत्राखाली आला होता. वामान पोमा अर्ज लिहीत होता त्याच सुमारास, १६१६ मध्ये, गोव्यातील रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले. धर्म पसरविण्यासाठी आधी लोकभाषा शिकायची आणि धर्म स्थिरावला की त्या भाषेचा गळा दाबायचा, हा क्रम दोन्हीकडे दिसतो. गोव्यात १६८४ च्या हुकुमाने कोकणी तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्यास फर्माविले. स्पेनच्या तिसऱ्या कार्लोसने १७७० मध्ये अमेरिकेतील देशी भाषा नष्ट व्हाव्यात असे आज्ञापत्र काढले. १७८१ मध्ये दुसऱ्या तुपाक आमारूचे बंड मोडल्यावर केचुआ भाषा, इंकांचा पोशाख आणि त्यांची नाटके यांवरही गदा आली.

मग काय झाले? हुकूम काढणारे गेले आणि भाषा राहिल्या! पेरूने १९७५ मध्ये केचुआला राजभाषेचा दर्जा दिला. मेक्सिकोत २००३ मध्ये देशी भाषांच्या हक्कांचा कायदा झाला आणि २०२० च्या शिरगणतीत नाहुआत्ल बोलणारे साडेसोळा लाख भरले. चुलीपाशी, बाजारात आणि शेतात त्या भाषा बोलल्या जात राहिल्या, म्हणूनच हे घडले.

आपल्या सीमाप्रश्नाशी त्या भयंकर संहाराची तुलना करणे हा त्या मृतांचा अपमान ठरेल. आपण प्रजासत्ताकाचे नागरिक आहोत, जित नव्हे. परंतु वेशोत्सिंकोच्या पंचांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तक्रार लिहावी, ती आपल्या भाषेत लिहावी आणि तिची प्रत जपून ठेवावी. त्यांना तसा हक्क कोणी दिलेला नव्हता. आपल्याला भारतीय घटनेच्या ३५० व्या कलमाने संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. आपल्यापैकी कितीजण तो बजावतात? उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी, घरपट्टीच्या तक्रारीसाठी मराठीत अर्ज करून त्याची पोच मागणारे किती? कचेरीत कोणी कपाळाला आठी घातली, की आपणच कागद मागे घेतो. मग दोष कोणाला द्यावा?

सभा गाजतात आणि विरतात. नोंद झालेला कागद मात्र राहतो. वामान पोमाचा कागद तीनशे वर्षांनी वाचला गेला. आपला अर्ज आज ना उद्या वाचला जाईलच, पण त्यासाठी तो आधी लिहिला गेला पाहिजे. उद्या सकाळी घरी गेल्यावर नव्हे, आज रात्रीच आपण तो लिहावयास बसावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.