ओतीव नाणी

कुडाळच्या बाजारात सुट्टे म्हणून कुणी पाव किलोहून जड नाणं हातावर ठेवलं तर? इसवी सनापूर्वी 3ऱ्या शतकात रोममध्ये साच्यात ओतलेलं कांस्याचं ‘आस’ असंच होतं, सुरुवातीला सुमारे 320 ग्रॅमचं! पुढच्या काळातल्या आसवर एका बाजूला दोन तोंडांचा जेनस देव, दुसरीकडे गलबताची नाळ. बाजाराला पिशवी नव्हे, हमालच न्यावा लागत असणार.

आपल्याकडे, कुडाळहून घाट चढून कोल्हापूर गाठलं, की तिथल्या कुर राजांची सातवाहनकालीन नाणी भेटतात. शिशाची, धनुष्यबाण कोरलेली. त्यांवर ब्राह्मीत राजाचं नाव येतं ते आईच्या नावासकट: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर. आणि ओतायला शिसंच का सोयीचं? ते 327 अंशांनाच वितळतं. तांब्याला हजारावर अंश लागतात.