लॉटरी : महसूल, नियमन आणि लोककल्याण

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



जुगारावर निर्बंध घालणारे शासन स्वतः मात्र लॉटरीची तिकिटे विकते, ही विसंगती जगातील अनेक देशांत आढळते. तिचा अर्थशास्त्रीय उलगडा कसा करावयाचा, हा आजचा विषय आहे.

जगातील अनुभव

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात खाजगी कंपनीमार्फत चालणारी लुईझियाना लॉटरी लाचखोरीमुळे कुप्रसिद्ध झाली. परिणामी १८९० मध्ये टपालाने आणि १८९५ मध्ये आंतरराज्य वाहतुकीद्वारे तिकिटे पाठविण्यास संघराज्याने बंदी केली. पुढे १९६४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याने शिक्षणासाठी निधी उभारण्याकरिता लॉटरी सुरू केली आणि इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले. कॅसिनोंसाठी प्रसिद्ध असलेल्या नेवाडात मात्र आजही राज्य लॉटरी नाही.

ब्रिटनमध्ये १८२६ साली बंद झालेली शासकीय लॉटरी १९९३ च्या कायद्यानुसार नव्या स्वरूपात आली व नोव्हेंबर १९९४ मध्ये पहिली सोडत निघाली. तेथे धोरण शासन ठरवते, देखरेख स्वतंत्र आयोग करतो, मुदतबंद परवान्यावर खाजगी कंपनी लॉटरी चालवते आणि निधीचे वाटप वेगळ्या संस्था करतात. १९९४ पासून एकाच कंपनीकडे असलेला हा परवाना २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेला. चीनमध्ये कल्याण लॉटरी व क्रीडा लॉटरी अशा दोनच लॉटरींना मान्यता असून अर्थ मंत्रालय त्यांच्यावर देखरेख ठेवते.

भारतातील व्यवस्था

केंद्र वा राज्य शासनांनी चालविलेली लॉटरी हा संघसूचीतील ४० वा विषय आहे. तर पैज व जुगार हा राज्यसूचीतील ३४ वा विषय आहे. केरळने १९६७ मध्ये लॉटरी खाते स्थापन केले. महाराष्ट्राची लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. लॉटरी (नियमन) अधिनियम, १९९८ नुसार तिकिटे राज्याने छापणे, सोडत राज्यानेच काढणे, विक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात जमा करणे आणि एका अंकावर बक्षीस न देणे बंधनकारक आहे. कलम ५ अन्वये राज्य परराज्यांच्या तिकिटांवर बंदी घालू शकते. परंतु स्वतःची लॉटरी चालविणाऱ्या राज्याला ही मुभा नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात दिला. लॉटरीवरील वस्तू व सेवा कर १ मार्च २०२० पासून सरसकट २८ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के करण्यात आला.

ढोबळ आणि निव्वळ

येथे एक सावधगिरी बाळगावी. कर वगळून १०० रुपयांची विक्री झाली, त्यातील ६० रुपये बक्षिसांवर आणि २५ रुपये विक्रेत्यांचे कमिशन व प्रशासनावर खर्च झाले असे गृहीत धरू. तिजोरीत उरतात केवळ १५ रुपये. अंदाजपत्रकात मात्र ढोबळ विक्री करेतर महसुलात आणि बक्षिसे खर्चाच्या बाजूस दाखविली गेल्यास राज्य आहे त्यापेक्षा सधन भासते. केरळच्या करेतर महसुलाचे आकडे वाचताना हे ध्यानात घ्यावे.

लॉटरीला 'ऐच्छिक कर' म्हटले जाते. ॲडम स्मिथ यांच्या चार कसोट्या तिला लावून पाहा. सोयीच्या कसोटीवर ती उतरते. काटकसरीच्या कसोटीवर नाही, कारण १५ रुपयांसाठी लोकांकडून १०० रुपये घ्यावे लागतात. निश्चिततेविषयी शंका राहते, कारण विक्री लोकांच्या आशेवर अवलंबून असते. समतेच्या कसोटीवर ती सर्वांत दुबळी ठरते. तिकिटाची किंमत सर्वांना सारखीच असल्याने तेच तिकीट रोजंदारीवरील मजुराच्या उत्पन्नाचा कितीतरी मोठा हिस्सा घेते.

दुसरी बाजूही नाकारता येणार नाही. केरळने कारुण्य लॉटरीचे उत्पन्न गरीब रुग्णांच्या उपचाराशी जोडले. अनेक अपंग व वृद्ध व्यक्तींचा चरितार्थ तिकीटविक्रीवर चालतो. शिवाय केवळ बंदी घातल्याने बेकायदेशीर आकड्यांचा धंदा थांबत नाही.

म्हणून खरा प्रश्न लॉटरी असावी की नसावी एवढाच नाही. विक्री वाढविण्यात ज्याचे हित आहे, त्यानेच ग्राहकाचे रक्षण करावे अशी अपेक्षा कितपत रास्त आहे? आपल्याकडे विक्रेता आणि नियामक यांत पुरेसे अंतर नाही. उद्या प्रशासनात गेल्यावर महसुलाचा आकडा पाहताना तो कोणाच्या खिशातून आला, हेही तपासण्याची सवय आजच लावून घ्यावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी थांबतो.