इंजिनांचे बदललेले क्रमांक

शाळेंत दोन तुकड्या एकत्र केल्या कीं हजेरीपटावर एकाच क्रमांकाचे दोन विद्यार्थी येतात. १९४८ च्या १ जानेवारीस ब्रिटनमधील चार मोठ्या रेल्वे कंपन्या सरकारी मालकीच्या झाल्या, तेव्हां इंजिनांच्या बाबतींत हाच पेंच पडला. उपाय सोपा निघाला. सदर्न रेल्वेच्या बहुतेक क्रमांकांत ३०,०००, लंडन मिडलंड स्कॉटिशच्या ४०,००० आणि लंडन नॉर्थ ईस्टर्नच्या ६०,००० मिळवावयाचे. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांचे क्रमांक मात्र तसेच राहिले. कारण ते धातूच्या ओतीव पाट्यांवर होते, रंगानें बदलण्याजोगे नव्हते.

'फ्लाइंग स्कॉट्समन' हें प्रसिद्ध इंजिन १९२३ सालीं १४७२ क्रमांकाचें होतें. त्याच सालच्या आधींच्या विलीनीकरणामुळें त्यांत ३,००० मिळून १९२४ मध्यें तें ४४७२ झालें. १९४६ सालीं कंपनीनें आपलीं इंजिनें पुन्हां मोजलीं, तेव्हां प्रथम ५०२, मग १०३. आणि १९४८ सालीं ६०१०३. आरंभींच्या सहावरून त्याचें माहेर तेवढें कळे.

पांच क्रमांक झाले, १९४७ सालीं बॉयलरही निराळा बसला. पण लोकांनीं त्यास नांवानेंच ओळखलें. माझ्या विद्यार्थ्यांचे हजेरीचे क्रमांक मीही विसरलों आहें. नांवें अजून विसरलों नाहीं.